बॉम्बे रक्तगट: कार्डावर 'ओ', पण 'ओ'ची एकही पिशवी जुळत नाही

परळकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. रक्तगटांचा विषय निघाला की आपली गाडी ए, बी, एबी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्हपाशी थांबते. प्रत्यक्षात आजच्या आंतरराष्ट्रीय यादीत ४५ हून अधिक रक्तगट प्रणाली आहेत. त्यातल्या एका दुर्मिळ प्रकाराला थेट आपल्या शहराचं नाव आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये मुंबईतल्या या रक्तगटाची पहिली नोंद प्रसिद्ध केली. तेव्हापासून जगभर तो 'बॉम्बे' म्हणूनच ओळखला जातो. कागदोपत्री 'ओएच' असंही लिहितात.

आधी मूळ रचना. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाच्या गॅलॅक्टोजला फ्यूकोज (एक साखर) जोडलं गेलं की 'एच' प्रतिजन, म्हणजे पेशीवरची ओळखखूण, तयार होतो. ही जोडणी एफयूटी१ जनुकापासून बनणारं एन्झाइम करतं. एच म्हणजे भिंतीतली खुंटी. तिच्यावर एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसमाइन अडकवलं तर 'ए', गॅलॅक्टोज अडकवलं तर 'बी', काहीच नाही अडकवलं तर 'ओ'. म्हणजे ओ गटाच्या पेशीवर 'काही नसतं' हे चूक आहे. तिच्यावर एच सगळ्यांत जास्त असतो.

बॉम्बे गटात ही खुंटीच नसते. जनुकात ए किंवा बी असला तरी तो अडकणार कुठे? त्यामुळे तपासणीतल्या अँटी-ए आणि अँटी-बी (ए आणि बी ओळखणारी प्रतिपिंडं) दोन्हींना पेशी प्रतिसाद देत नाहीत आणि कार्डावर छापलं जातं 'ओ'. सीरममध्ये मात्र अँटी-ए, अँटी-बी आणि जोरदार अँटी-एच अशी तिन्ही प्रतिपिंडं असतात. हे अँटी-एच ३७ अंशांवर काम करतं, कॉम्प्लिमेंटला (पेशी फोडणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांना) कामाला लावतं आणि बाहेरून आलेल्या ओ पेशी रक्तवाहिनीतच फोडतं. त्यातून लाल लघवी, रक्तदाब कोसळणं, मूत्रपिंड निकामी होणं ही पुढची साखळी सुरू होते.

आणि हे सगळं टाळायला लागते फक्त एक जादा नळी. रिव्हर्स ग्रुपिंगला, म्हणजे रुग्णाचं सीरम माहीत असलेल्या पेशींवर तपासताना, ए आणि बी पेशींबरोबर ओ पेशींची तिसरी नळी लावलीच पाहिजे. या धाग्यात त्याबद्दल नीट बोलू या. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी तपशील भरावेत ही विनंती.

---

शुभदा_एमएलटी

धागा काढलात हे फार बरं केलंत. नळीची पद्धत सविस्तर लिहिते, नवीन मुलामुलींना उपयोगी पडेल.

फॉरवर्ड (पेशींची तपासणी): रुग्णाच्या पेशी सलाइनने धुऊन २ ते ५ टक्क्यांचं सस्पेन्शन करायचं. तीन नळ्यांत अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी प्रत्येकी एक थेंब, वर सस्पेन्शनचा एक थेंब. हलवून सेंट्रिफ्यूज, मग तळाला बसलेलं पेशींचं बटण हळूच हलवत वाचायचं.

रिव्हर्स: तीन नळ्या, प्रत्येकीत रुग्णाच्या सीरमचे दोन थेंब. पहिलीत ए१ पेशी, दुसरीत बी पेशी, तिसरीत ओ पेशी, एकेक थेंब. चौथी नळी ऑटो कंट्रोलची, म्हणजे रुग्णाचंच सीरम आणि रुग्णाच्याच पेशी. ओ पेशी किमान तीन दात्यांच्या एकत्र करून, धुऊन, त्याच दिवशी बनवलेल्या असाव्यात.

४+ म्हणजे सर्वांत जोरदार गुठळी, शून्य म्हणजे गुठळी नाही.
खऱ्या ओ गटात: ए ४+, बी ४+, ओ शून्य, ऑटो शून्य.
बॉम्बेमध्ये: ए ४+, बी ४+, ओ ४+, ऑटो शून्य.

फरक फक्त तिसऱ्या नळीत दिसतो. ती लावली नाही तर दोघांचा रिपोर्ट तंतोतंत सारखा येतो.

एक गोष्ट खास लक्षात ठेवा. सीरम ताजं असेल तर कॉम्प्लिमेंट शाबूत असतं आणि ओ पेशी नळीतच फुटतात. सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाला बटण नाही, गुठळ्या नाहीत, वरचं द्रव लालसर. घाईत असलेला माणूस 'गुठळी नाही' म्हणून शून्य लिहून मोकळा होतो. हेमोलिसिस हा पॉझिटिव्ह निकाल आहे, आणि तोही सर्वांत गंभीर. नळी हलवण्याआधी वरच्या द्रवाचा रंग बघायची सवय हवी. इडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेला प्लाझ्मा वापरत असाल तर कॅल्शियम बांधलं गेल्यामुळे फुटणं दिसणार नाही, तिथे गुठळीच दिसेल.

---

जेलकार्ड

शुभदाताई, +१. आमच्याकडे जेल कार्ड (नळ्यांऐवजी जेलचे कॉलम) आहेत आणि तिथे वेगळीच फट आहे. बऱ्याच एबीओ-आरएच कार्डांवर रिव्हर्सचे दोनच कॉलम असतात, ए१ आणि बी. ओ साठी कॉलमच नाही. मग काय करायचं?

---

शुभदा_एमएलटी

दोन मार्ग आहेत. एकतर ओ पेशींची एक नळी बाजूला हाताने लावा. नाहीतर प्रत्येक नमुन्याचं अँटिबॉडी स्क्रीनिंग (अनपेक्षित प्रतिपिंडांची तपासणी) करा. स्क्रीनिंगच्या तिन्ही पेशी ओ गटाच्याच असतात, त्यामुळे बॉम्बेचं सीरम तिन्हींना जोरात धरतं. कूम्ब्स कार्डावर (पेशींना चिकटलेली प्रतिपिंडं दाखवणारं कार्ड) ०.८ टक्के सस्पेन्शन ५० मायक्रोलिटर, सीरम २५ मायक्रोलिटर, ३७ अंशांवर १५ मिनिटं, मग १० मिनिटं सेंट्रिफ्यूज. तिन्ही पेशी ४+ आणि ऑटो शून्य दिसलं की काम थांबवून अँटी-एच लेक्टिन काढायचं.

---

परळकर

लेक्टिनवर दोन ओळी. युलेक्स युरोपियस नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क, तो एच प्रतिजनाला धरतो. रुग्णाच्या पेशींवर लेक्टिन टाकून शून्य आलं आणि शेजारी ओ पेशींचा कंट्रोल ४+ आला, तर बॉम्बेची खात्री जवळजवळ झाली. कंट्रोल लावला नाही तर या शून्याला अर्थ नाही, कारण बाटली खराब झाली असेल तरी शून्यच येणार.

तिसरी नळी पॉझिटिव्ह आली म्हणजे बॉम्बेच, असंही नाही. थंडीत काम करणारी ऑटोअँटिबॉडी असेल तर ऑटो कंट्रोलही पॉझिटिव्ह येतो. तेव्हा कोमट सलाइनने पेशी धुऊन ३७ अंशांवर परत वाचायचं. मायलोमाच्या रुग्णात पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात. सीरम काढून तेवढंच सलाइन घातलं की त्या सुटतात, खऱ्या गुठळ्या सुटत नाहीत. ए१ किंवा ए१बी माणसातही सौम्य अँटी-एच सापडतं, कारण त्यांच्या पेशींवर एच सर्वांत कमी उरलेला असतो. पण ते थंडीतलं असतं, सहसा निरुपद्रवी, आणि त्यांचं फॉरवर्ड स्पष्ट ए किंवा एबी येतं.

सर्वांत चकवणारा प्रकार म्हणजे जवळजवळ सगळ्यांच्या पेशींवर असणाऱ्या एखाद्या प्रतिजनाविरुद्धची अँटिबॉडी. चित्र हुबेहूब बॉम्बेसारखं: सगळ्या ओ पेशी पॉझिटिव्ह, ऑटो शून्य. तिथे लेक्टिनच निकाल लावतं. पेशींनी लेक्टिनला धरलं तर बॉम्बे नाही, दुसरं काहीतरी शोधा.

---

कोकणवारा

मी या क्षेत्रातली नाही, रक्तदान शिबिरं भरवते. शिबिरात स्लाइडवर गट बघून कार्ड देतात. त्या कार्डावर ओ असेल तर किती विश्वास ठेवायचा? आणि हा गट आपल्याकडे नेमका किती जणांत असतो?

---

परळकर

कोकणवारा, स्लाइडवर फक्त फॉरवर्ड होतं. ते कार्ड माहितीपुरतं, रक्त चढवण्यासाठी नाही. दान केलेल्या पिशवीचं फॉरवर्ड-रिव्हर्स दोन्ही रक्तपेढीत परत करावंच लागतं, म्हणून दात्याने पेढीतून आलेला गट विचारून घ्यावा. शिबिराच्या कार्डावर 'हा गट प्राथमिक तपासणीचा आहे' अशी ओळ छापून घेता आली तर जरूर घ्या.

प्रमाण: भारतात साधारण दहा हजारांत एक असं धरतात, मुंबईसाठी ७,६०० त एक हा आकडा बऱ्याचदा दिला जातो. युरोपात दहा लाखांत एक. ओडिशातल्या भुयाँ समाजात २७८ मध्ये एक अशी नोंद आहे, म्हणजे छोट्या, आपापसात लग्नं होणाऱ्या समाजात प्रमाण एकदम वाढतं. महाराष्ट्रात रत्नागिरी, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यातून असे लोक जास्त सापडलेले आहेत. तुमची शिबिरं कोकणात असतील तर हे लक्षात असू द्या.

---

जनुकवेडा

याचा वारसा कसा चालतो ते सांगतो, कारण घरात गैरसमज इथेच होतात.

एबीओचं जनुक ९ व्या गुणसूत्रावर आणि एचचं १९ व्या, म्हणजे दोन्ही स्वतंत्रपणे पुढे जातात. बॉम्बे होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं एच जनुक यावं लागतं. असे दोन वाहक एकत्र आले की प्रत्येक अपत्याला २५ टक्के शक्यता. मामे-आते भावंडांतल्या लग्नात ती का वाढते हे वेगळं सांगायला नको. भारतीयांत बहुतेक वेळा एफयूटी१ मध्ये ७२५ व्या जागी टी चा जी होतो, त्यामुळे प्रथिनात २४२ वर ल्यूसिनऐवजी आर्जिनिन बसतं आणि एन्झाइम बंद पडतं. शेजारचं एफयूटी२ जनुक तर पूर्ण गळालेलं असतं. दोन्ही शेजारी असल्याने जोडीनेच पुढच्या पिढीत जातात. रीयुनियन बेटावरच्या बॉम्बे लोकांत बदल निराळा आहे, ३४९ व्या जागी.

आता गैरसमज. समजा आई बॉम्बे आहे आणि तिच्या एबीओ जनुकात बी आहे. कार्डावर ती ओ. वडील खरे ओ. मुलाला आईकडून बी आणि वडिलांकडून चांगलं एच मिळालं, मूल बी गटाचं झालं. कागदावर 'ओ आणि ओ यांना बी मूल'. एवढ्यावरून आईवर संशय घेतला जातो. हा संशय सर्वस्वी अन्यायाचा आहे. असा रिपोर्ट दिसला की आधी दोघांच्या पेशींवर लेक्टिन लावा. डॉक्टर मंडळींनी 'हे शक्यच नाही' असं पटकन बोलून टाकू नये, घर मोडतं.

---

जेलकार्ड

पॅरा-बॉम्बे म्हणजे काय ते पण येऊ दे. आमच्याकडे 'ओ, पण ए असल्याची शंका' असे नमुने अधूनमधून अडतात.

---

जनुकवेडा

पॅरा-बॉम्बेत एफयूटी१ बंद असतं पण एफयूटी२ चालू. एफयूटी२ लाळेत आणि प्लाझ्मात एच बनवतं, त्यातलं थोडं पेशीवर येऊन चिकटतं. काहींत एफयूटी१ अगदीच मंद चालू असतं. म्हणून नेहमीच्या पद्धतीत ए दिसत नाही, पण ॲडसॉर्प्शन-इल्यूशन (पेशींना अँटी-ए चिकटवून, मग ते सोडवून तपासणं) केलं तर सापडतो. यांचं अँटी-एच सहसा कमजोर असतं.

लाळेची परीक्षा सोपी आहे. २-३ मिली लाळ, उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवायची म्हणजे त्यातली एन्झाइमं मरतात, मग सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ द्रव घ्यायचं. त्यात पातळ केलेलं लेक्टिन घालून १० मिनिटं ठेवा, मग ओ पेशी. गुठळी झाली नाही तर लाळेतल्या एचने लेक्टिन आधीच संपवलं, म्हणजे पॅरा-बॉम्बे. गुठळी झाली तर लाळेत एच नाही, म्हणजे भारतीय बॉम्बेचं नेहमीचं चित्र. लेक्टिन पुरेसं पातळ केलं नाही तर लाळ ते पूर्ण संपवू शकत नाही आणि उत्तर उलटं येतं. म्हणून सलाइनचा कंट्रोल आणि माहीत असलेल्या सिक्रेटरची (ज्याच्या लाळेत एच असतो त्याची) लाळ, दोन्ही सोबत लावा.

---

भूल_सातारा

शस्त्रक्रियेच्या बाजूने लिहितो. रुग्ण बॉम्बे आहे हे आधी कळलं तर अर्धी लढाई जिंकली. ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी हिमोग्लोबिन ११ च्या वर असेल तर स्वतःचंच रक्त काढून ठेवता येतं, आठवड्याला एक पिशवी, शेवटची शस्त्रक्रियेआधी किमान ७२ तास. सोबत लोह सुरू ठेवायचं. हिमोग्लोबिन कमी असेल तर शिरेतून लोह, गरजेप्रमाणे एरिथ्रोपोइटिन (लाल पेशी वाढवणारं औषध). शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम १० मिनिटांत, सेल सॅल्व्हेज (सांडलेलं रक्त धुऊन परत देणं) असेल तर ते. रोजच्या तपासण्यांना लहान मुलांच्या नळ्या वापरा. मोठ्या नळ्या रोज भरत राहिलात तर आठवड्यात रुग्णाचं बरंच रक्त प्रयोगशाळेतच जातं.

खरी भीती अपघात विभागात. बेशुद्ध रुग्ण, क्रॉसमॅचला (दात्याच्या पेशी रुग्णाच्या सीरमशी जुळवून बघायला) वेळ नाही म्हणून 'युनिव्हर्सल' ओ निगेटिव्ह लावली जाते. बॉम्बे माणसासाठी ती युनिव्हर्सल नाही. किमान एवढं करा: पिशवी लावण्याआधी नमुना घ्या आणि रक्त चालू असतानाच पेढीत क्रॉसमॅच पूर्ण होऊ द्या. पेढीचा फोन आला की त्याच क्षणी पिशवी बंद.

न जुळणारं रक्त गेल्याची लक्षणं: कंबरदुखी, सुई टोचलेल्या जागी जळजळ, थंडी, अस्वस्थता, लाल लघवी, रक्तदाब घसरणं. भूल दिलेल्या रुग्णात यातली फक्त शेवटची दोन दिसतात, आणि जखमेतून सगळीकडून झिरपणारं रक्त. लगेच रक्त थांबवा, सुई काढू नका, नव्या सेटने सलाइन चालू करा. पिशवी, सेट, नवे नमुने आणि लघवी पेढीत पाठवा. लघवीचं प्रमाण टिकवा.

---

परळकर

भूल_साताऱ्यांच्या यादीला एक पुरवणी. प्रतिक्रियेनंतर डायरेक्ट कूम्ब्स (रुग्णाच्या रक्तातल्या पेशींवर प्रतिपिंडं चिकटलीत का ही चाचणी) शून्य आला तरी निर्धास्त होऊ नका. दात्याच्या पेशी सगळ्या फुटून गेल्या असतील तर धरायला उरलंच काय? नमुन्याचा प्लाझ्मा गुलाबी आहे का ते आधी बघा.

प्लाझ्माबद्दल नेहमी गोंधळ होतो. बॉम्बे रुग्णाच्या पेशींवर ए, बी, एच काहीच नाही, त्यामुळे त्याला कोणत्याही गटाचा प्लाझ्मा आणि क्रायो (प्लाझ्मातून काढलेले रक्त गोठवणारे घटक) चालतो. अडचण लाल पेशींचीच. प्लेटलेटच्या पिशवीत थोड्या लाल पेशी येतात, म्हणून ते पेढीला ठरवू द्या. उलट बॉम्बे दात्याचा प्लाझ्मा इतर कुणालाही देऊ नये.

---

कोकणवारा

असा दाता सापडला तर त्याचं रक्त किती दिवस टिकवता येतं? आणि लांबच्या गावाहून पाठवायचं झालं तर?

---

शुभदा_एमएलटी

साधी साठवण: रक्त टिकवणाऱ्या द्रावणांपैकी सीपीडीए-१ मध्ये ३५ दिवस, सॅगएममध्ये ४२ दिवस, २ ते ६ अंशांवर. म्हणून असे दाते घाईने बोलावून पिशवी भरून ठेवू नका. नावं नोंदवा, गरज लागली की बोलवा. पुरुषांना ९० दिवसांचं, स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर, हिमोग्लोबिन १२.५, वजन किमान ४५ किलो, हे नियम दुर्मिळ दात्यालाही लागू. एकाच गावातल्या दोन दात्यांना एकाच दिवशी बोलावलं तर पुढचे तीन महिने दोघेही हातचे जातात.

गोठवणं: दान झाल्यापासून सहा दिवसांच्या आत ४० टक्के ग्लिसरॉल हळूहळू घालून उणे ६५ किंवा त्याखाली, तिथे १० वर्षं टिकतं. वापरताना ३७ अंशांवर वितळवून १२ टक्के, मग १.६ टक्के, शेवटी ०.९ टक्के सलाइन आणि ०.२ टक्के डेक्स्ट्रोज अशा उतरत्या द्रावणांनी धुवायचं. घाई करून थेट शेवटच्या द्रावणात टाकलं तर आतलं ग्लिसरॉल पाणी ओढतं आणि पेशी फुटतात. उघड्या पद्धतीने धुतलं असेल तर २४ तासांत वापरायचं. ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे.

वाहतूक: खोक्यात २ ते १० अंश. पिशवी आणि बर्फ यांच्यात पुठ्ठा किंवा कापड हवंच. बर्फाला टेकलेल्या बाजूच्या पेशी गोठून फुटतात. मग एवढ्या खटपटीने आणलेली पिशवी पेढीत उघडल्यावर प्लाझ्मा लाल दिसतो आणि ती टाकून द्यावी लागते.

---

निळावंती

रक्तगट आणि आजार यांचा संबंध खरा किती? ओ गटाचा आहार, बी गटाचा आहार वगैरे खूप फिरतंय.

---

जनुकवेडा

गटानुसार आहाराला पुरावा नाही, सोडून द्या. खरे संबंध आहेत आणि ते जास्त रंजक आहेत. ओ गटात व्हॉन विलेब्रँड फॅक्टर (रक्त गोठायला मदत करणारं प्रथिन) सुमारे २५ टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे बिगर-ओ लोकांत शिरेत गुठळी होण्याचा धोका अधिक. कॉलरा ओ गटाला जास्त तीव्र होतो, फाल्सिपेरम मलेरियाचं गंभीर रूप मात्र कमी. एफयूटी२ बंद असलेल्यांना नोरोव्हायरसचे बरेच प्रकार धरत नाहीत, कारण आतड्याच्या अस्तरावर विषाणूला लागणारी साखर नसते. 'पी' प्रतिजन हे पार्व्होव्हायरस बी१९ चं लाल पेशीत शिरण्याचं दार. डफी प्रतिजन नसलेल्या पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांना व्हायवॅक्स मलेरिया फार क्वचित होतो. भारतात डफी जवळजवळ सगळ्यांत असतो, म्हणून आपल्याकडे व्हायवॅक्स भरपूर.

किड या दुसऱ्या रक्तगट प्रणालीची अँटिबॉडी वेगळ्याच अर्थाने वाईट. काही महिन्यांत ती मोजण्याच्या पातळीखाली जाते, क्रॉसमॅच स्वच्छ येतो, आणि रक्त दिल्यावर आठवड्याभरात हिमोग्लोबिन परत खाली. थॅलेसेमियाच्या मुलांत हे विसरू नका. आणि मुंबईचं आणखी एक देणं: 'इंडियन' रक्तगट प्रणालीतला आयएन-ए प्रतिजन १९७३ मध्ये इथल्याच संशोधकांनी नोंदवला.

बालरोगतज्ज्ञांसाठी एक. बॉम्बे गट हा स्वतः आजार नाही. पण लहान मुलात बॉम्बे गट, वारंवार जंतुसंसर्ग, पांढऱ्या पेशी भरमसाट आणि तरी पू होत नाही, विकास मागे, असं एकत्र दिसलं तर ल्यूकोसाइट ॲडहेजन डेफिशियन्सी प्रकार २ चा विचार करा. तिथे फ्यूकोज वाहून नेणारी यंत्रणाच बिघडलेली असते.

---

कोकणवारा

शेवटचं विचारते. गरोदर बाई बॉम्बे निघाली तर? आणि घरच्यांनी जवळ काय लिहून ठेवायचं?

---

भूल_सातारा

ताई, प्रसूती अशा पेढीच्या आवाक्यात ठरवा जिथे आधी दाते शोधून ठेवता येतील. सातव्या महिन्याची वाट न बघता लोह आधीच सुरू करा. अँटी-एच मुख्यतः आयजीएम (मोठ्या आकाराचं प्रतिपिंड) असल्याने वार ओलांडत नाही, पण वार ओलांडणारा आयजीजी अंश असू शकतो, म्हणून बाळाच्या काविळीवर लक्ष ठेवा. बाळाला रक्त लागलंच तर ते आईच्या सीरमशी जुळणारं हवं, म्हणजे बॉम्बे. आई आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचे नियम तेच: २८ व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांत ३०० मायक्रोग्रॅम.

---

परळकर

कार्डावर असं लिहा, मोठ्या अक्षरांत, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत: 'रक्तगट बॉम्बे (ओएच), आरएच अमुक. ओ गटाच्या लाल पेशी देऊ नयेत. प्लाझ्मा कोणत्याही गटाचा चालतो.' खाली तपासणी करणाऱ्या पेढीचा फोन आणि तारीख. नुसतं 'ओएच' लिहू नका, घाईत त्याचं 'ओ' वाचलं जातं. हे कार्ड पाकिटात आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. आणि सगळ्या सख्ख्या भावंडांची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या, दर चौघांत एक जुळण्याची शक्यता आहे आणि पहिला दाता बहुतेक वेळा तिथेच सापडतो.